ऐकणाऱ्या रेडिओचा भाबडेपणा

१९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा अमेरिकेत कोणीही, कुठल्याही लहरीवर बोलत असे. हौशी रेडिओवाल्यांच्या गलक्यावर त्या वेळी बरीच टीका झाली आणि त्याच वर्षी परवान्यांचा कायदा आला. पुढे ज्याला त्याला आपापला पट्टा मिळाला, इतरांना तिथे मज्जाव. सुरक्षा म्हणजे कुंपण, इतका सरळ हिशेब.

हे कुंपण दीर्घकाळ टिकलं. पण वाटून दिलेले कितीतरी पट्टे अनेक ठिकाणी रिकामे पडून असतात, हेही हळूहळू दिसू लागलं. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईने टीव्हीच्या अशाच पडीक लहरींवरून गावांत इंटरनेट नेण्याचा प्रयोग केला. त्याआधीच, १९९९ मध्ये, जोसेफ मिटोला आणि जेराल्ड मॅग्वायर यांनी ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ची कल्पना मांडली. त्यांच्या मनात वापरणाऱ्याची गरज ओळखणारा रेडिओ होता. पुढच्यांनी रिकाम्या पट्ट्यांसाठी त्यातला सोयीचा भाग उचलला: आधी कानोसा घ्यायचा, पट्ट्याचा मालक बोलत नसेल तरच आपण बोलायचं, तो आला की निमूट उठायचं.

या विचारात एक गृहीत दडलेलं होतं. ऐकू येतं ते खरंच असणार! २००६ मध्ये व्हर्जिनिया टेकच्या रुइलियांग चेन आणि जुंग-मिन पार्क यांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. टीव्ही केंद्राच्या लहरींची कोणी नक्कल केली, तर सगळे सभ्य रेडिओ मालक आला समजून बाजूला होतील आणि नकलाकार पट्टा बळकावेल. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना हे शिकवायला नको. त्यांनी सुचवलेला उपाय चांगला होता: लहर कुठून येते ते तपासा, टीव्हीचा मनोरा जागचा हलत नाही. पण त्याच पट्ट्यांत हक्काने बोलणाऱ्या, हातात धरून फिरवायच्या वायरलेस माइकचं काय? अनेक रेडिओंनी मिळून ऐकावं, तर त्यांतलेच काही खोटं सांगू शकतात.

२०१० मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने टीव्हीच्या मोकळ्या पट्ट्यांसाठी ऐकण्याची सक्तीच काढली. आपली जागा कळवा, नोंदवही सांगेल ती वाहिनी वापरा. मला यात शहाणपण दिसतं आणि थोडी हारही. रेडिओला शहाणं करायला निघालो आणि शेवटी त्याला कचेरीत विचारायला पाठवलं.

शिवाय कचेरीला फार कळू लागतं. २०१५ च्या नियमांनी ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा सामायिक झाला. तिथे पहिला मान अमेरिकी नौदलाच्या रडारचा. रडार सुरू झालं की किनाऱ्यावरचे संवेदक ते टिपतात आणि मध्यवर्ती यंत्रणा इतरांना हलवते. म्हणजे कुठल्या किनाऱ्यावरचे पट्टे रिकामे करवले जातात यावर नजर ठेवणाऱ्याला जहाजाचा माग लागू शकतो. म्हणूनच युद्धनौकांचा ठावठिकाणा किंवा हालचाल या संवेदकांनी साठवायची नाही आणि उघडही करायची नाही, असं त्याच नियमांत लिहिलेलं आहे.