परत येणाऱ्यांची शाळा

मुंबईत 1961 पासून जर्मन शाळा आहे. नोकरी-व्यापारानिमित्त आलेल्या जर्मन कुटुंबांच्या मुलांसाठी ती निघाली. इंग्रजी अभ्यासक्रमाची जोड तिला पुष्कळ पुढे मिळाली. तापी-गोमाईच्या संगमावर, प्रकाशासारख्या गावात बसून तिची आठवण काढायचे कारण काय? कारण एवढेच, की पोरेबाळे घेऊन परमुलखात जाणे या भागाला चांगलेच ठाऊक आहे. दिवाळी सरली की शहादा, तळोदा, धडगावकडची कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत उतरतात, बारडोली, मढी, चलथाणच्या साखर कारखान्यांकडे. मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, हा प्रश्न दोघांचाही. पण एकाच्या मागे त्याचे सरकार चालत जाते आणि दुसऱ्याचे सरकार तालुक्याच्या हद्दीवर थांबते.

परदेशी बदली झालेले जर्मन आईबाप शाळा निवडतात तेव्हा ते खरे तर परतीचा हिशेब मांडत असतात. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची वाटणी होते: विद्यापीठाकडे नेणारे गिम्नाझियम एकीकडे, बाकीच्या शाळा दुसरीकडे. दुसरीत असताना पुण्या-मुंबईला आलेले मूल पाचवीच्या तोंडावर परत गेले आणि त्याचे लेखी जर्मन कच्चे राहिले, तर ती वाटणी त्याच्या मुळावर येऊ शकते. शिवाय तिथे 16 राज्ये आणि प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा. म्हणून परदेशातल्या जर्मन शाळा कुठल्यातरी एका राज्याचा अभ्यासक्रम धरून चालतात. आशियात तो बहुधा थुरिंगियाचा असतो. जगभरात अशा सुमारे 140 शाळा आहेत. संघराज्याचे एक स्वतंत्र कार्यालय त्यांना शिक्षक पाठवते आणि पैसे देते, तपासणीला केंद्र आणि राज्ये मिळून येतात. 2014 साली लागू झालेल्या कायद्याने तर ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या शाळेला सरकारी मदतीचा हक्कच दिला.

अर्थात सगळेच जर्मन ही वाट धरत नाहीत. पुण्यात मर्सिडीज-बेंझच्या नावाने 1998 मध्ये शाळा उघडली (आज ती महिंद्रांच्या नावाने चालते), ती इंटरनॅशनल बॅकलॉरिएट पद्धतीची. ज्यांची पुढची बदली स्टुटगार्टला नसून शांघायला होणार, त्यांना तीच सोयीची. माझे मत विचाराल तर दोन-तीन वर्षांच्या मुक्कामाला मायदेशी अभ्यासक्रम घ्यावा. आठ-दहा वर्षे राहूनही मुलाला शेजारच्या मुलाशी बोलता येईल अशी एकही इथली भाषा येत नसेल, तर ते कुटुंब मुंबईत राहिले असे मला म्हणवत नाही. पण निवड चुकायलाही आधी निवड हाती असावी लागते.

ऊसतोड कामगाराचे पाहा. परतीबद्दल अनिश्चितता जर्मन कुटुंबाला असते, याला नसते. पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की उन्हाळ्यात तो गावी येणार, पावसाळ्यात आपली कोरडवाहू जमीन कसणार आणि दिवाळीनंतर पुन्हा जाणार. ज्याची परत येण्याची वेळ इतकी पक्की, त्याची शाळा सांभाळणे सर्वांत सोपे असायला हवे होते. प्रत्यक्षात मूल ऑक्टोबर-नोव्हेंबरात वर्गातून उठते ते परीक्षा उलटून गेल्यावर उगवते. मधले महिने पडावावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या खोपीत, धाकट्या भावंडाला सांभाळण्यात जातात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोलीकडच्या या टोळ्यांविषयी लिहिले त्याला काही दशके लोटली. टोळी जमवणारा मुकादम, त्याने आगाऊ दिलेली उचल, कोयता म्हणून मोजले जाणारे जोडपे, ही रचना आजही त्यात लिहिल्यासारखीच ओळखू येते.

उपाय झालेच नाहीत असे नाही. महाराष्ट्रात साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे आली, शिक्षण हमी कार्ड आले. वसतिगृहाची कल्पना वाईट नाही, मात्र तिच्यात मूल मागे ठेवायचे असते, आणि सहा वर्षांची मुलगी सहा महिने मागे ठेवायला आई तयार होत नसेल तर तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. जर्मन आईला हे कुणी सुचवत नाही. कार्ड घेऊन पडावाजवळच्या शाळेत जावे, तर तिथे गुजराती. हे मूल घरी भिल्ली किंवा पावरी बोलते, मराठी त्याला शाळेनेच शिकवली, तीही अर्धवट. आता तिसरी भाषा, तिसरी लिपी नाही तरी वेगळी लिपी, आणि पाच महिन्यांनी तीही सोडायची. शिक्षण हक्क कायद्याचे 29 वे कलम शक्य तितके मातृभाषेतून शिकवा म्हणते, 5 वे कलम शाळा बदलण्याचा हक्क देते आणि दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवू नये असेही बजावते. दाखल्यापुरता कायदा पोराच्या बाजूचा आहे. पण दाखला घेऊन बसायचे कुठल्या वर्गात, हे त्याला सुचलेले नाही.

याच तापीच्या काठाने खाली सुरतेला गेले की चित्र पालटते. लिंबायत, उधना, पांडेसऱ्यात स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांसाठी सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. पुस्तके गुजरात सरकार मराठीत छापते, अभ्यासक्रम गुजरातचा. म्हणजे जे बहुधा परत येणार नाहीत त्यांना मराठी शाळा आहे, आणि जे दरवर्षी परत येतात त्यांना कोणतीच नाही. सुरतेत मतदार याद्यांत नावे आहेत, पडावावरच्यांची नावे मागे गावी राहिली आहेत. फरकाचे एक कारण हेही असावे.

मुले किती, कुठली, कुठे जाणार, हे आधी कळत नाही, असे शिक्षण खात्याकडून ऐकू येते. हे पटत नाही. मुकादम पावसाळ्यातच उचल वाटतो. कोणत्या पाड्यावरचे कोणते जोडपे कोणत्या कारखान्याला बांधले गेले, हे त्याच्या वहीत शाळेचे पहिले सत्र संपण्याआधी लिहिलेले असते. ती वही पाहायची आणि शहादा-तळोद्याचे भिल्ली जाणणारे दोन-चार शिक्षक हंगामापुरते बारडोलीच्या पडावांवर नेमायचे, इतकेच करायचे आहे. मुले परतली की त्यांची पाचवी आपल्याच हजेरीपटावर पुढे चालू. असे सुचवले की पहिली हरकत निघते ती पगाराची: दुसऱ्या राज्यात बसलेल्या शिक्षकाचा पगार कोणत्या लेखाशीर्षाखाली काढायचा? हरकत खोटी नाही. जर्मनीतही ती आली असणार. 2014 चा कायदा मुख्यत्वे पैशांचाच आहे.