एकच कपाशी, तीन नोंदी

छत्रपती संभाजीनगर

चि. पुतण्यास,

वैजापूर तालुक्यात ग्राम महसूल अधिकारी म्हणून रुजू झालास, फार आनंद झाला. (आमच्या तोंडी तलाठीच, पाटी बदलली, दप्तर तेच.)

परवा फोनवर वैतागला होतास. एकच तक्ता व्हॉट्सॲपवर टाका, पोर्टलवर भरा आणि वर सही-शिक्क्यानिशी हार्ड कॉपीही पाठवा! आमच्या वेळी व्हॉट्सॲप नव्हतं, तीन प्रती मात्र होत्या. पण तुझ्यापेक्षा जास्त ताप समोरच्या शेतकऱ्याला आहे.

गट नंबर एक, कपाशीही एकच. विमा भरताना ती पीकपेरा घोषणापत्रात लिहायची. मग बांधावर उभं राहून, मोबाइलला रेंज शोधत, फोटोसह ई-पीक पाहणीत नोंदवायची. ती गाव नमुना 12 ला चढते. अतिवृष्टी झाली की तू, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी मिळून तीच पंचनाम्यात लिहिणार. एखाद्या ठिकाणी चुकून मका पडला, की शेतकऱ्याच्या तहसील, कृषी कार्यालय आणि विमा प्रतिनिधीकडे चकरा सुरू.

यात कुणाची लबाडी नाही. खरिपाच्या विम्याची मुदत साधारण 31 जुलैला संपते आणि पाहणी 1 ऑगस्टच्या सुमारास सुरू होते. विमा कृषी विभागाचा, सातबारा महसूलचा. दोघांची वेळापत्रकं जुळत नाहीत, म्हणून घोषणापत्र. गंमत म्हणजे तफावत आली तर ई-पीक पाहणीच अंतिम, असं शासनच सांगतं. मग विम्याचा अर्ज त्या नोंदीवरूनच का भरू नये? तारखा मागेपुढे करायच्या, एवढंच काम आहे.

कार्यालयं एकत्र आणण्याचं म्हणशील, तर आपल्या शहरात लेबर कॉलनीची घरं मे 2022 मध्ये पाडली, तिथे सरकारी कार्यालयांसाठी इमारत बांधायचं ठरलं. एका छताखाली बसल्याने फायली बोलू लागतात, यावर माझा विश्वास नाही. जुनंच उदाहरण घे: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची. दस्त नोंदला की नोंदणी कार्यालयानेच तलाठ्याला कळवायचं, हे तिच्या कलम 154 मध्ये आहे. तरी वर्षानुवर्षं खरेदीदारच सूची दोनची नक्कल घेऊन सज्जावर येत राहिला. कायदा होता, जोडणी नव्हती. ई-फेरफार आल्यावर ती झाली.

विम्याच्या तारखा तुझ्या हातात नाहीत. मात्र सातबारा तुझ्याच लॉगिनला दिसतो. तो कुणाकडे मागू नकोस, आणि तुझा महसूल सेवक (आमचा कोतवाल) मागत असेल तर त्यालाही थांबव.

तुझा काका