पहिल्या मजल्याची कसोटी

खाली दुकाने, वर घरे, हाकेच्या अंतरावर स्टेशन. या मांडणीला हल्ली कोणी नावे ठेवत नाही. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या वेळी माणसे बाहेर पडत असली, की रस्ता जागता राहतो, हे जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये अमेरिकी शहरांबद्दल लिहिले. गिरगावाला नि पुण्याच्या पेठांना ते सांगावे लागले नव्हते. प्रश्न उरतो तो एवढाच, की अशा वस्तीचे यश मोजायचे कशावर?

नवी मुंबईतल्या सानपाड्यात हा मिश्र वापर दोन वाटांनी आला. एक वाट आराखड्याची. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आले. घराजवळ काम, ही मूळ भूमिका. रेल्वेच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला आणि स्थानकांच्या आवारात व्यापारी गाळे उभे राहिले. दुसरी वाट गावाची. १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील, शहरासाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे बळी गेले, त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणारी योजना आली. त्या भूखंडांवर तळाला दुकाने असलेल्या इमारती झाल्या. गावठाणात गरजेपोटी बांधलेल्या घरांत भाड्याच्या खोल्या, सलून आणि किराणा एकाच भिंतीआड नांदू लागले.

याचा फायदा संध्याकाळी दिसतो. हार्बर किंवा ठाण्याच्या लोकलमधून उतरलेली बाई वाटेत भाजी घेते, इस्त्रीचे कपडे उचलते, सकाळी टाकलेले दळण घेऊन घरी पोहोचते. रिक्षा नाही, पार्किंग नाही. म्हाताऱ्या माणसाला औषध आणायला मुलाची वाट पाहावी लागत नाही. हे यश खरे आहे.

आता त्याच इमारतीचा जिना चढून पहिल्या मजल्यावर जाऊ. खिडकीखाली हॉटेलचा एक्झॉस्ट, रात्री उशिरा शटरचा खडखडाट, पहाटे दुधाचे क्रेट. इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, म्हणजे मार्जिनल स्पेसमध्ये, टेबले आणि फ्रीजर, फुटपाथवर दुचाक्या. पालिकेची गाडी येते, सामान उचलते, आठवड्याभरात सगळे जागच्या जागी. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क मात्र सगळ्यांना सारखेच. सोय साऱ्या सेक्टरची, नफा गाळेवाल्याचा आणि झळ पाच-सहा घरांना.

म्हणून दुकाने हटवा, असे कोणी म्हणेल, तर ते आगीतून फुफाट्यात. पिठाची गिरणी गेली, की त्या गाळ्यात इस्टेट एजंट बसतो. पाटी उरते, वर्दळ जाते. नवी मुंबईतच सीवूड्सला स्टेशनवरच भव्य मॉल आहे, पण तिथले भाडे गिरणीवाल्याला कसे परवडणार? खरी अडचण मिसळण्यात नाही, त्रासाची वाटणी न करण्यात आहे. हॉटेलचे धुराडे गच्चीपर्यंत न्यावे, माल उतरवण्याच्या वेळा ठरवाव्यात, मार्जिनल स्पेस चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी. यातले काहीच अशक्य नाही. पण नकाशा मंजूर होतानाच ते लिहून घ्यावे लागते. नंतर नुसत्या नोटिसा उरतात.

बाजाराला हे आधीच कळलेले आहे. बिल्डर वरच्या मजल्यांसाठी मजल्यागणिक वाढता दर, म्हणजे फ्लोअर राइज, लावतो, त्यात वारा आणि खाडीचे दृश्य असते, तशी खालच्या गोंगाटापासूनची सुटकाही असते. पुढच्या संकुलाचे गोडवे गाण्याआधी गाळ्यांवरच्या घराचा भाव विचारावा. तो वरच्या घरांच्या भावाच्या जितका जवळ, तितके ते संकुल यशस्वी.