कणभर तथ्य

जुना पूर्वग्रह घ्यावा, त्याला अमेरिकी मानसशास्त्राची कडक इस्त्री करावी आणि 'मी आपला फक्त आकडेवारी सांगतोय' असं म्हणत तो अंगावर घालून सभेत मिरवावं, ही विद्वत्तेची नवी तऱ्हा आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. मागच्या हिवाळ्यात एका व्याख्यानमालेत तिचा उत्तम नमुना ऐकायला मिळाला. वक्ते बहुश्रुत, वाणी ओघवती. सांगणं असं की, समूहांविषयीच्या ज्या साचेबंद प्रतिमांना, म्हणजे स्टिरिओटाइप्सना, आपण नाकं मुरडतो, त्या पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाचा अर्क असतात. त्यांत कणभर तरी तथ्य असतंच. त्यांना उठसूट वंशवाद म्हणणं हा वैचारिक भित्रेपणा आहे. उदाहरणादाखल त्यांनी पारध्यांचं, म्हणजे चोर म्हणून बदनाम केलेल्या जमातीचं, नाव घेतलं. मराठी सभागृहांत हे उदाहरण निर्धोक असतं. श्रोत्यांत एखादा पारधी बसला असेल, ही शक्यता कुणी धरत नाही. टाळ्या पडल्या.

वक्त्यांचा आधार होता ली जसिम. हे रटगर्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ, आणि गृहस्थ बनावट नव्हेत. त्यांचं म्हणणं असं की, त्यांच्या क्षेत्रातल्या लोकांनी स्टिरिओटाइप खोटे असतात हे न मोजताच गृहीत धरलं. मोजायला गेलं तर बरेचसे वास्तवाशी बऱ्यापैकी जुळतात. यात दम आहे. पण याच जसिमनी हेही नोंदवलं आहे की, राष्ट्रांच्या स्वभावाविषयीच्या प्रतिमांचा मेळ वास्तवाशी फारसा बसत नाही. हा भाग व्याख्यानात नव्हता. 1933 साली कॅट्झ आणि ब्रॅली यांनी प्रिन्स्टनच्या शंभर विद्यार्थ्यांना दहा समूहांचे स्वभावविशेष निवडायला सांगितले, तेव्हा तुर्कांना क्रूर ठरवताना पोरं अडखळली नाहीत. त्यातल्या बहुतेकांचा तुर्कांशी संबंध आलेला नव्हता. अर्क म्हणे अनुभवाचा!

तरीही खऱ्याखोट्याच्या या कुस्तीत उतरायचा मोह मी टाळतो, कारण आखाडाच चुकीचा आहे. पुणेकर खडूस असतो, कोकणी माणूस कोर्टकज्जे लढवण्यात पटाईत असतो, नागपूरकराला कशाचीच घाई नसते. या प्रतिमा आहेत, ढोबळ आहेत, कणभर तथ्य त्यांतही असेल. पण आपण खडूस नाही याचा दाखला दिल्याशिवाय पुणेकराला खोली मिळत नाही, असं कधी झालं आहे का? प्रतिमा सगळ्यांविषयी असतात. काहींच्या बाबतीत मात्र ती प्रतिमा पुराव्यातून सुटते आणि पुरावा देण्याचं ओझं माणसाच्या डोक्यावर येतं. वंशवादाची सुरुवात मी तिथे धरतो.

हे ओझं कायद्याने कसं चढवलं जातं, ते 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात लख्ख दिसतं. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते. पुराव्याचा 1872 चा कायदा, ज्यावर आपली कोर्टं दीडशे वर्षं चालली, तोही त्यांनीच रचला. म्हणजे पुरावा कशाला म्हणतात हे ठाऊक नसलेला माणूस नव्हे. तरी 1871 च्या कायद्यात तरतूद अशी की, प्रांतिक सरकारने वरची परवानगी घेऊन एखादी जमात गुन्हेगार म्हणून अधिसूचित केली, की त्या अधिसूचनेला कोर्टात आव्हान देता येणार नाही. अधिसूचना हाच निर्णायक पुरावा. मग नावांची नोंद, ठाण्यावर हजेरी, हद्द ओलांडायची तर पास. 1911 मध्ये कायदा देशभर लागू करण्याची सोय झाली, बोटांचे ठसे आले. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत उभी राहिली. माणसं गिरणीत राबायची आणि हजेरीला परतायची. त्या भागाला सोलापूरकर अजून 'सेटलमेंट' म्हणतात.

इथे कुणीतरी खाकरून म्हणणार, की आपल्याकडे जात आहे, जमात आहे, वंशवाद ही गोऱ्यांची भानगड. 2001 साली दरबानच्या जागतिक परिषदेत भारत सरकारने जवळपास हेच सांगितलं. गंमत अशी की, 1965 च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात भेदभावाच्या व्याख्येत 'जन्मवंशावळ' हा आधार घालावा, ही सूचना भारताचीच होती. आणि त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने 2007 मध्ये भारताला सांगितलं, की तुमचे सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे रद्द करा आणि विमुक्त, म्हणजे पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या, जमातींचं पुनर्वसन करा. ब्रिटिश अधिकारी रिस्लेसाहेबांनी नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावली होती. समाजशास्त्रज्ञ घुर्ये आणि आंबेडकर दोघांनीही तो डोलारा आपापल्या परीने पाडला. वंश नावाची वस्तू नाकात सापडली नाही, हे ठीकच झालं. पण आईबापांच्या नावावरून मूल चोर ठरवणाऱ्या कायद्याला आणखी काय म्हणायचं, ते खाकरणाऱ्यांनी सांगावं.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. आवडता आहे म्हणून त्याला सोडणार नाही. वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराने 1922 मध्ये 'पब्लिक ओपिनियन' लिहिलं आणि स्टिरिओटाइप ही कल्पना समाजविचारात आणली. वक्त्यांनी त्याचं नाव घेतलं, पण पुस्तकातला धारदार भाग वगळून. डोक्यातली चित्रं विचाराचे कष्ट वाचवतात, एवढंच लिपमन म्हणत नाही. ती चित्रं आपलं समाजातलं स्थान राखतात, म्हणून त्यांना कुणी हात लावला की आपण खवळतो, हे त्याचं खरं निरीक्षण. त्या सभागृहात कुणी उठून प्रश्न विचारला असता, तर ते दिसलंच असतं.

हाच लिपमन 1942 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात गेला. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला दोन महिने झाले होते. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांनी घातपात केल्याचं एकही प्रकरण हाती नव्हतं. लिपमनने 12 फेब्रुवारीच्या स्तंभात लिहिलं, त्याचा मथितार्थ असा: घातपात झाला नाही याने निर्धास्त होऊ नका, सगळा बेत मोठ्या तडाख्यासाठी राखून ठेवला असल्याचंच ते लक्षण आहे. हाच युक्तिवाद कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल अर्ल वॉरन करत होते. पुढे 1954 मध्ये शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारे सरन्यायाधीश तेच. 19 फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी आदेशावर सही केली आणि सुमारे 1,20,000 माणसं, त्यांतली दोन तृतीयांश अमेरिकेचीच नागरिक, छावण्यांत गेली. सरकारने माफी मागितली ती 1988 मध्ये.

स्टिरिओटाइपचा शोध लावणारा माणूस त्याच्या जाळ्यात सापडला, हे चघळायला छान आहे, पण मला त्यात वेगळंच दिसतं. लिपमनला ती कल्पना कळली नव्हती, असं कसं म्हणावं? नुसतं कळून भागत नाही. त्या युक्तिवादात निर्दोष ठरण्याची वाटच ठेवलेली नाही. काही केलं तर गुन्हेगार. काही केलं नाही तर अधिक मुरलेला गुन्हेगार. न पकडलेला पारधी हा हुशार पारधी, हे फौजदारी शहाणपण नेमकं याच मुशीतलं.

आणि वक्त्यांची आकडेवारी? ती अटकेतून येते. घरफोडी झाली की पोलीस आधी कुठल्या पालावर जातात, हे गावातल्या पोरालाही माहीत असतं. जिथे शोधायचं तिथेच सापडतं, सापडतं म्हणून तिथेच शोधायचं. 2003 मधल्या महाराष्ट्रातल्या एका भीषण खूनखटल्यात भटक्या जमातींतल्या सहा जणांना फाशी सुनावली गेली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच दिली जावी, असा निकाल दिला. 2019 च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराने पोलिसांच्या अल्बममधून ओळखले होते ते वेगळेच चौघे. भरपाई प्रत्येकी पाच लाख रुपये. मधली सोळा वर्षं हे सहा जण आकडेवारीत कोणत्या रकान्यात होते, ते सांगायला नकोच.

इथवर माझी मांडणी सोपी होती: प्रतिमा गौण, नोंदवही मुख्य. सरकारचा कागद माणसावर ओझं चढवतो आणि प्रतिमा त्या कागदामागून चालत येते. कागद फाडा, प्रतिमा पुणेकराच्या खडूसपणाइतकी निरुपद्रवी होईल. राईनपाडा ही मांडणी टिकू देत नाही.

1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. इथे कायदा नव्हता, अधिसूचना नव्हती, हजेरीपट नव्हता. ही जमात महाराष्ट्राच्या यादीत विमुक्तांत नाही, भटक्यांत मोडते. मुलं पळवल्याच्या घटनाच नव्हत्या, म्हणजे कणभर तथ्यही नाही, शून्य.

बाजाराच्या दिवशी गावात परके लोक काय कमी असतात? कापडवाला परका, भांडीवाला परका, टेम्पोचा ड्रायव्हर परका. त्या सगळ्यांतून हे पाचच कसे निवडले गेले? अफवेने गुन्हा पुरवला, पण गुन्हेगाराचा चेहरा पुरवला नव्हता. तो जमावाच्या डोक्यात आधीच तयार होता: मळकी वस्त्रं, खांद्याला झोळी, मुक्कामाचा पत्ता नाही. म्हणजे प्रतिमा कागदामागून चालत येते हे अर्धंच झालं. कागद रद्द होऊन सहासष्ट वर्षं लोटली तरी ती एकटी चालते, आणि कागदात ज्यांचं नाव नव्हतं त्यांच्यापर्यंतही पोचते. भटकेपणावर शंका घेण्याची शिकवण एका कायद्याने देशभर दिली. पुढे पाठ गिरवायला मास्तर लागला नाही.

कागदही रद्द झाला तो कितपत? 31 ऑगस्ट 1952 ला जमाती मुक्त झाल्या, म्हणून त्या विमुक्त. 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि जमातीऐवजी व्यक्तीचं नाव लिहायची सोय झाली. 3 ऑक्टोबर 2024 ला, सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असं पोलिसांना बजावलं. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे वाक्य लिहावं लागतं.

वक्त्यांना माझी एक विनंती आहे. पुढच्या व्याख्यानाला त्यांनी आकडे जरूर आणावेत. पण अटक झालेल्यांचे आणताना संशयावरून उचलून, चार दिवस ठेवून, नोंद न करता सोडलेल्यांचेही आणावेत. ते कुठल्याही ठाण्यात मिळणार नाहीत. त्यासाठी पालावर जावं लागेल, आणि तिथे गेल्यावर 'तुम्ही कोण, कशाला आलात' या प्रश्नाला त्यांना आधी उत्तर द्यावं लागेल.