दोनशे फुटांवरचा विवेक

परप्रांतात नोकरी करणाऱ्या माणसाच्या मनात एक भय सदैव वस्तीस असते. गावाकडून निरोप येईल आणि आपण वेळेवर पोहोचणार नाही, हे ते भय. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ते माझ्या बाबतीत खरे झाले. वडील नागपुरास अत्यवस्थ असल्याचे कळताच मी गुवाहाटीहून दिल्लीमार्गे निघालो. रात्री दिल्लीवर दाट धुके होते. विमान खाली आले, चाके बाहेर पडल्याचा आवाज झाला, खिडकीबाहेर एक फिकट पांढुरकेपणा तेवढा दिसत होता. आणि एकाएकी इंजिने गरजून आम्ही पुन्हा वर चढलो. मध्यरात्री जयपुरास उतरलो. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी घरी पोहोचलो तेव्हा सारे आटोपले होते.

“आपल्या पुढचे विमान उतरले म्हणतात, मग आपलेच का नाही?” असे शेजारचे गृहस्थ विचारीत होते. माझ्याही मनात तोच प्रश्न पुढे कित्येक महिने सलत राहिला. त्या वैमानिकाने थोडे धैर्य दाखविले असते तर? या प्रश्नापायी मी त्या विद्येची थोडीबहुत माहिती करून घेतली, आणि तीतून एक निराळाच प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला: जे दिसत नाही त्यावर माणसाने किती आणि कुठवर विश्वास ठेवावा?

धावपट्टीच्या दूरच्या टोकापलीकडे एक प्रक्षेपक असतो. तो मध्यरेषेच्या दोन बाजूंस दोन निरनिराळे संकेत पाठवितो. एकाची स्पंदने सेकंदास ९०, दुसऱ्याची १५०. दोन्ही ज्या ठिकाणी समतोल होतात तीच वाट. दुसरा प्रक्षेपक अशाच रीतीने सुमारे तीन अंशांचा उतार दाखवितो. म्हणजे ज्या वाटेने शेकडो जीव खाली येतात ती वाट आकाशात कुठेही आखलेली नसते; वैमानिकापुढील काटे मध्यावर आहेत, एवढीच तिची खूण.

आणि हे काटे त्याच्या स्वतःच्या शरीराविरुद्ध साक्ष देत असतात. विमान एकसारखे वळत राहिले की कानाच्या आतील द्रव स्थिरावतो आणि वळण जाणवेनासे होते. मग विमान सरळ केले की आपण उलट दिशेस वळत आहोत असे वाटते. ऐकीव आणि डोळ्यांदेखतचे यांत चार बोटांचे अंतर, असे आपल्याकडे म्हणतात. येथे डोळे निकामी आणि कान तर साक्षात खोटे बोलणारे! अशा वेळी स्वतःच्या अनुभवावर अविश्वास ठेवणे हेच वैमानिकाचे पहिले शिक्षण होय.

मग इंद्रिये खोटी आणि यंत्र खरे, असे म्हणून मोकळे व्हावे काय? १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले आणि त्यातील २१३ जण मृत्यू पावले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, क्षितिज नाहीच. मुख्य वैमानिकापुढील विमानाचा कल दाखविणारे उपकरण बिघडले होते, आणि इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरता आले नाही. तेव्हा विश्वास एका काट्यावर ठेवावयाचा नसतो. अनेकांची साक्ष जुळते की नाही हे पाहावयाचे असते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. सर्वसाधारण पद्धतीत हा विश्वासही २०० फुटांपर्यंतच चालतो. त्या उंचीवर वैमानिकाने मान वर करून पाहावयाचे. दिवे वा धावपट्टी दिसली तर उतरावयाचे. न दिसली तर तत्काळ वर जावयाचे. ‘आणखी थोडे खाली जाऊन पाहू’ याला तेथे स्थान नाही. याहून खाली उतरण्याची सोय दिल्लीस आहे. परंतु धावपट्टी, विमान आणि वैमानिक या तिघांचीही तेवढी पात्रता असावी लागते. पुढचे विमान उतरले आणि आमचे उतरले नाही, यात म्हणूनच विसंगती नव्हती.

मनोऱ्यातील नियंत्रकालाही धुक्यात विमान दिसत नाही. तो धावपट्टीवर किती मीटरपर्यंत दिसते ते सांगतो, दोन विमानांतील अंतर वाढवितो, संकेत विचलित होऊ नयेत म्हणून प्रक्षेपकांसमोरची जागा मोकळी ठेवितो आणि उतरण्याची परवानगी देतो. पण परवानगी ही आज्ञा नव्हे. ती मिळाल्यावरही परत फिरण्याचा अधिकार आणि त्याची जबाबदारी वैमानिकाकडेच राहते.

आपण कचेरीतली माणसे. फाइल हे आपले उपकरण. जिच्याविषयी लिहितो ती व्यक्ती बहुधा दिसतच नाही. एका विधवेच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाचे प्रकरण मी एकदा नामंजुरीच्या शेऱ्यासह वर पाठविले होते, कारण दोन कागदांवर तिचे नाव निरनिराळे होते. वरिष्ठांनी सही न करता ते परत धाडले व मूळ नोंदवही पाहण्यास सांगितले. चूक आमच्याच नोंदीत निघाली. नियमाचा काटा मध्यावर होता, पण धावपट्टी दिसली नव्हती. त्या बाईचे दोन महिने वाया गेले, हेही खरेच; परत फिरण्याची किंमत कोणाला तरी द्यावीच लागते.

ती किंमत त्या रात्री मी दिली. तो वैमानिक माझे वडील कोण हे जाणत नव्हता. जाणत असता तरी त्याने तेच करावयास हवे होते, हे आज मला कबूल करावे लागते. विमानात माझ्यासारखेच घाईत असलेले इतर अनेकजण होते, आणि त्यांचीही कोणी ना कोणी वाट पाहत असेल. या विचाराने दुःख उणावले असे मी म्हणणार नाही. त्याच्याविषयीचा रोष मात्र आता उरलेला नाही.