पटवलंय, पण…

दसरा झाला की आष्टी तालुक्यात ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या गाड्या भरायला लागतात. अशाच एका सकाळी कड्याला चहाच्या टपरीवर एक मुकादम फोनवर सांगत होता, “पटवलंय मी त्यांला. पण गाडीत बसल्याबिगर खरं न्हाई.”

शेजारच्या निवृत्त गुरुजींनी कप खाली ठेवला. “पटवलं म्हणजे पटलं. मग खरं नाही कसं?”

मी गुरुजींच्या बाजूचा. प्रयोजक क्रियापदं आपण सगळेच शाळेत शिकलो, समजणे–समजावणे, पटणे–पटवणे. पण दोघांचा स्वभाव निराळा. ‘तासभर समजावलं, पण समजला नाही’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो. ‘पटवलं, पण पटलं नाही’ म्हणताना जीभ अडखळते. समजावण्यात खटाटोप मोजायचा, पटवण्यात फळ. आणि ते फळ समोरच्याच्या हातात! जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डच्या व्याख्यानांत याच्या जवळचाच भेद धरला होता. ‘वचन देतो’ म्हटलं की वचन दिलं गेलं. ‘तुला पटवतो’ म्हटल्याने काहीही पटत नाही.

एवढ्यावर गुरुजी जिंकतात. फक्त त्यांनी पटण्याला गाडीत येऊन बसणं जोडलं, ते कशाच्या आधारावर? कळतं पण वळत नाही, हे आपणच म्हणतो ना! कळणं आणि वळणं यांच्या मधल्या फटीत पटणं बसतं. मला व्यायाम पटलेला आहे, वीस वर्षं झाली.

आणखी एक गोष्ट मला कायम खटकते. मुद्दा ‘पटवून देतात’, माणूस नुसता ‘पटवतात’. ‘त्याला मुद्दा पटवून दिला’ यात तो घेणारा असतो. ‘त्याला पटवलं’ यात तोच माल होतो. ‘ला’ तोच, माणसाची जागा बदलली. कॉलेजातली पोरं ‘पटवली’ म्हणतात तेव्हा कुठला अर्थ असतो, ते सांगायला नको.

जुन्या व्यापारात हुंडीही पटायची. हुंडी पटली म्हणजे तिचे पैसे हातात आले. कागद कितीही पक्का असो, तोवर खरं नाही. मुकादमाचं वाक्य या हिशेबातलं. उलटं इतकंच, की इथे पैसे आधीच गेलेत. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली आहे, वसूल व्हायचीत ती माणसं.

म्हणून आता मी गुरुजींच्या बाजूचा नाही. व्याकरण त्यांचं बिनचूक. पण त्या फोनवर कुणी कुणाचं मन वळवत नव्हतं, दिलेल्या रकमेची काळजी चालली होती. ‘त्यांला’ म्हणजे कोयता: नवरा-बायकोची जोडी, हिशेबात एकच नग. बोलणी बहुधा नवऱ्याशी होतात. उचलही त्याच्याच हातात पडते.