जुने यंत्र, मोफत सेवा आणि आपली जबाबदारी

मगरिबच्या नमाजानंतर एक तरुण विद्यार्थी माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “मौलाना, आमच्या घरी जुना संगणक आहे. त्यावर मी चार वर्षांपासून एक हलकी, मोफत कार्यप्रणाली चालवतो. आता तिच्या निर्मात्यांनी जाहीर केले आहे, की इतक्या जुन्या यंत्रांसाठी पुढची आवृत्ती निघणार नाही. यंत्र तर अजून धडधाकट आहे. मग हा इस्राफ नाही का? गरिबांवर अन्याय नाही का?”

“होय, इस्राफच,” हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते; पण मी थांबलो. जे समोर नाहीत त्यांची बाजू न ऐकता निवाडा करणे शरीअतला मान्य नाही.

प्रथम विद्यार्थ्याची बाजू पाहू. दिव्य कुरआनच्या सूरह अल्-आराफमध्ये खाण्यापिण्याची मुभा देतानाच उधळपट्टीची मनाई केली आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळ्या माणसांना सैतानाचे बंधू म्हटले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतःची पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत, वस्त्र स्वतः शिवीत, असे हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनात येते. याच्या उलट आजची स्थिती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील एक चतुर्थांशापेक्षाही कमी कचऱ्याचा रीतसर पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. पुष्कळदा संगणक बिघडतो म्हणून नव्हे, तर नव्या प्रणाली त्याला सोडून पुढे जातात म्हणून तो कचरा ठरतो. तेव्हा जुने यंत्र उपयोगात ठेवणे ही निःसंशय भली गोष्ट आहे.

आता दुसरी बाजू. लिनक्स ही मुक्त प्रणाली १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ३८६ या प्रोसेसरच्या संगणकावर लिहायला घेतली. २०१२ साली त्याच ३८६चा आधार लिनक्समधून काढला गेला. ज्या यंत्रावर ती जन्मली, तेच यंत्र तिने सोडले! याचे कारण कृतघ्नता नव्हे. एकाहून अधिक प्रोसेसर एकत्र चालवण्याच्या रचनेत काही बदल करायचा म्हटला, की या जुन्या प्रोसेसरसाठी दर वेळी निराळी तजवीज करावी लागे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीतही ३२ बिटच्या जुन्या संगणकांवर ती नव्याने बसवण्याची सोय उरलेली नाही.

आधार देणे म्हणजे केवळ परवानगी देणे नव्हे. प्रत्येक बदल त्या जुन्या यंत्रावर कोणीतरी चालवून पाहावा लागतो. तसे यंत्र जवळ असणारा आणि रात्र खर्च करणारा माणूस लागतो, आणि असे कितीतरी जण विनावेतन राबतात. कोणी तपासत नसताना “आमची प्रणाली तुमच्या यंत्रावर चालेल” असे सांगत राहणे ही अमानतीतील खियानत ठरेल. त्यापेक्षा प्रामाणिक नकार बरा. अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही, हे सूरह अल्-बकराच्या अखेरीस आपण वाचतो. मग आपण तो दुसऱ्यावर कसा टाकावा? सूरह अत्-तौबामध्ये तर सत्कर्म करणाऱ्यांवर दोषारोपाला वाव नाही, असे म्हटले आहे. ज्याने देणगी म्हणून श्रम दिले, त्याचे उद्याचे श्रम आपल्या मालकीचे होत नाहीत.

मग जुन्या यंत्राचे काय? इथे वक्फचे उदाहरण उपयोगी पडते. लिनक्स १९९२पासून ज्या परवान्याखाली आहे, त्यानुसार ती कोणीही घ्यावी, बदलावी, मात्र पुढे देताना हीच मोकळीक इतरांनाही द्यावी. शास्त्रीय अर्थाने हा वक्फ नव्हे. पण वृत्ती जवळची आहे. हनफी फिकहनुसार वक्फच्या उत्पन्नावर पहिला हक्क त्याच्या डागडुजीचा असतो. विहिरीचे पाणी सगळ्यांनी भरावे आणि गाळ काढायला कोणीच येऊ नये, तर विहीर किती दिवस टिकेल?

२०१७ साली आर्च लिनक्सने ३२ बिटचा आधार थांबवला, तेव्हा गरज असलेल्या लोकांनीच पुढे येऊन ‘आर्च लिनक्स ३२’ या नावाने ते काम चालू ठेवले. मी फतवा देत नाही, पण मला यात फर्ज-ए-किफायाची छाया दिसते. काही जणांनी भार उचलला, तर सगळे सुटतात. कोणीच उचलला नाही, तर जाब सगळ्यांना. अर्थात हा जाब ऐपतीप्रमाणे आहे. याच मुक्त प्रणालींवर अमाप कमाई करणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा वाटा गरीब विद्यार्थ्याच्या वाट्याएवढा कसा असेल?

मी त्या विद्यार्थ्याला विचारले, “बेटा, चार वर्षांत एकदा तरी त्यांना कळवलेस का, की नवी आवृत्ती तुझ्या यंत्रावर नीट चालते की नाही?” त्याने मान खाली घातली. मीही घातली, कारण मदरशाचा हिशेब अशाच प्रणालीवर लिहिला जातो आणि मी आजवर आभाराचा एक शब्दही पाठवलेला नाही.

करण्यासारखे पुष्कळ आहे. आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी आपल्या जुन्या यंत्रावर ती तपासावी, दोष सविस्तर कळवावा, मराठीत वापराच्या सूचना लिहाव्यात, जमेल तेवढी रक्कम द्यावी. आधार संपलेच, तर ते यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवून लेखन-वाचनाला वापरावे. त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. स्वतःला वा इतरांना नुकसान पोहोचवणे हेही निषिद्धच आहे.

तो विद्यार्थी आता दर शुक्रवारी जुम्यानंतर मदरशाच्या संगणकावर तपासणी करतो आणि मी शेजारी बसून मराठी सूचना लिहितो. अल्लाह तआला आपल्याला नेमती जपण्याची आणि त्या आपल्यापर्यंत पोहोचवणाऱ्यांचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.